वाणात आलेली न्याहारी

यंदाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला वाण म्हणून न्याहारी मिळाली. गोल पारदर्शक डबी, तिला जांभळी रिबीन, आत सहा कुकीज आणि एक छापील चिठ्ठी. कुकीज आमच्याच इमारतीतल्या एकीने घरी भाजलेल्या. चिठ्ठीवर पाच वाक्यं होती : मैदा नाही. साखर नाही. नाचणी आणि ओट्सची ताकद. रोज सकाळी तीन खा, न्याहारी झाली. मधुमेहींनाही चालतात.

कुकीज उत्तम होत्या, हे आधी सांगून टाकते. कडा खमंग, मध्ये किंचित मऊ, वेलचीचा बेताचा वास. दोन मी तिथेच खाल्ल्या, तिसरी लिफ्टमध्ये. तेव्हा पुढे जे लिहिणार आहे ते करणारणीच्या हाताबद्दल नाही. माझं भांडण त्या चिठ्ठीशी आहे. ती तिने एकटीने लिहिलेली नाही, असंही मला वाटतं. हीच वाक्यं थोड्याफार फरकाने मी गेली काही वर्षं भिशीत, लग्नाच्या हॉलमध्ये, शाळेच्या फाटकाबाहेर ऐकते आहे.

त्या दिवशी मी सहज म्हणाले, "खाऊ म्हणून छान आहेत गं, पण ही न्याहारी कशी?" त्यावर तिळगुळाच्या दिवशी जितकं गोड बोलता येईल तितक्या गोड आवाजात उत्तर आलं, "काकू, तुम्हाला सकाळची लोकल धरायची नसते ना, म्हणून." बायका हसल्या. मीही हसले. पण ते वाक्य मनात राहिलं, कारण चिठ्ठीवरच्या पाचही वाक्यांपेक्षा ते खरं होतं. त्याच्याकडे शेवटी येते. आधी पाच वाक्यांचा हिशेब.

मी पाककृती मागितली आणि तिने हातचं काही न राखता दिली. ओट्स ८० ग्रॅम, नाचणीचं पीठ १२०, किसलेला गूळ १२०, साजूक तूप १००, बदामाची भरड २०, चिमूटभर खायचा सोडा, वेलची, गोळा होण्यापुरतं दूध. एवढ्यात २१ कुकीज होतात. रोज तीन, म्हणजे सात न्याहाऱ्या. आता सातने भागा. एका न्याहारीच्या वाट्याला नाचणी १७ ग्रॅम, गूळ १७ ग्रॅम, तूप १४ ग्रॅम. जितकी नाचणी तितकाच गूळ, आणि तूप त्यांच्या पाठोपाठ. उष्मांक साधारण ३००, आणि त्यातले शंभरात साठांहून जास्त नुसत्या तूप-गुळाचे. डबीवर नाव नाचणीचं, आत राज्य तुपाचं.

याच नाचणीची भाकरी थापली तर एका मध्यम भाकरीला ६० ग्रॅम पीठ लागतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या सारण्या प्रसिद्ध केल्या. त्यात १०० ग्रॅम नाचणीत ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम दिलेलं आहे. म्हणजे एका भाकरीत सुमारे २१८ मिलिग्रॅम, आणि तीन कुकीजमधल्या नाचणीतून ६२. मोठ्या माणसाची दिवसाची गरज १००० मिलिग्रॅम धरतात. भाकरीइतकं कॅल्शियम कुकीतून काढायचं तर दहा-अकरा कुकीज खाव्या लागतील, आणि दुपारचं पान वाढायच्या आत हजारावर उष्मांक पोटात गेलेले असतील. भाकरीचे उष्मांक दोनशेच्याही आत असतात.

भाकरीची आरती ओवाळायला मी बसलेली नाही. नुसत्या भाकरीत प्रथिनं चार-साडेचार ग्रॅमच. सोबत अंडं, दही, उसळ नसेल तर तीही अर्धीच न्याहारी. आणि आमच्या रायगडच्या पट्ट्यातली खरी भाकरी तांदळाची. तिच्यात कॅल्शियम नावापुरतंच. नाचणी-वरी ही रायगडच्या डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीची पिकं. राब भाजून रोपं करायची आणि पाऊस लागला की ती उतारावर लावायची, असं ते कष्टाचं पीक. ज्यांनी ते पिकवलं त्यांनी आंबील केली, भाकरी केली, बाळाला सत्त्व दिलं. मोड आणल्याने आणि आंबवल्याने नाचणीतलं फायटिक आम्ल कमी होतं आणि तिच्यातलं कॅल्शियम, लोह अंगी लागायला मदत होते. त्या बायकांनी हे शब्द कधी ऐकले नव्हते, कृती मात्र नेमकी हीच होती. कुकीत नाचणी येते ती कोरडं पीठ म्हणून, रंगापुरती आणि चिठ्ठीपुरती.

'मैदा नाही' हे वाक्य खरं आहे, आणि त्यात फारसा अर्थ नाही. मैद्याच्या जागी नाचणी आली म्हणून थोडे तंतू वाढले, ते मान्य. पण बिस्कीट रोजच्या खाण्यात नको असं डॉक्टर सांगतात ते एकट्या मैद्यामुळे नाही. मैदा, साखर आणि चरबी या तिघांपैकी एकाला बाहेर काढलं आणि उरलेल्या दोघांना पाट मांडून दिला, तर पंगत फार बदलत नाही.

'साखर नाही' याचा मात्र मला राग येतो. गूळ ही साखरच आहे. उसाचा रस आटवून केलेली, कमी शुद्ध केलेली. तिच्यात थोडे क्षार जास्त, म्हणून चव खोल. त्या क्षारांच्या भरवशावर गूळ खायचा म्हटलं तर वाटीने खावा लागेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेल्या साखरेबद्दल मार्गदर्शन केलं. दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत ती ठेवा आणि जमल्यास पाच टक्क्यांच्या, म्हणजे साधारण २५ ग्रॅमच्या आत आणा, असं ते मार्गदर्शन. त्या हिशेबात मधही धरलेला आहे. तीन कुकीजमधल्या गुळातून चौदा-पंधरा ग्रॅम साखर जाते. सोबत दोन चमचे साखरेचा चहा घेतला की सकाळी साडेसातला दिवसाचा कोटा संपला.

'मग खजूर घाला' हे उत्तर तयारच असतं. खजूर तंतूंसकट येतो, गुळापेक्षा बरा, हे मान्य. तरी खजुराचा लगदा करून गोडीसाठी घातला तर त्या पदार्थावर 'साखर घातलेली नाही' असं लिहू नये, असं अन्नाचे जागतिक संकेत ठरवणाऱ्या कोडेक्सच्या मार्गदर्शनात म्हटलं आहे. सुक्या फळांचा लगदा हा साखरेचा बदली खेळाडू, असं ते मानतात. मला त्यांचं पटतं. गोड लागावं म्हणून घातलेली वस्तू गोडासाठीच घातलेली असते, तिचं नाव काही असो.

इथे कुणी म्हणेल की गूळ कमी करा, तूप कमी करा, प्रश्न मिटला. मीही तेच म्हटलं आणि करून पाहिलं. दोन्ही निम्म्यावर आणली. ओव्हनमधून ज्या बाहेर आल्या त्यांना कुकी म्हणणं अवघड होतं. रंगाने, आकाराने आणि दाताखाली लागण्याने त्या लहान गोवऱ्याच होत्या. आमच्या ह्यांनी एक उचलून टेबलावर आपटून पाहिली आणि काही न बोलता परत ठेवली.

आपल्या स्वयंपाकघरात 'मोहन' हा शब्द आहे. करंजीच्या पिठात कडकडीत तेल-तूप घालतात ते मोहन. त्याने पिठाच्या कणांना लेप बसतो, पाणी आत शिरायला अडखळतं, पिठाचा चिवटपणा धरत नाही, आणि पारी खुसखुशीत होते. कुकीत हेच काम तूप करतं. साखर किंवा गूळ भट्टीत वितळतो, त्याने कुकी पसरते, कडा तांबूस होतात आणि गार झाल्यावर तोच गूळ घट्ट होऊन कुरकुरीतपणा देतो. गव्हाला निदान स्वतःचा चिकटपणा असतो. नाचणीला तोही नाही, म्हणून तिला धरून ठेवायला तूप-गूळ आणखीच लागतात. कुकीत चरबी आणि गोड हे चवीसाठी वरून घातलेले पाहुणे नसतात. ते त्या घराचे खांब आहेत. खांब काढून घर हलकं करता येत नाही. पोह्यात साखर घालायची की नाही यावर दोन घरांत भांडण होऊ शकतं, कारण पोहे दोन्ही प्रकारे पोहेच राहतात. कुकीला ती सोय नाही.

पिकलेलं केळं आणि ओट्स एवढ्याच दोन वस्तूंची एक कृती फिरते. तिच्यात खरोखर वरून साखर नाही, तूप नाही, आणि ती न्याहारीला चालेल हे मी खुल्या दिलाने मान्य करते. पण ती कुकी नव्हे. ती गोल थापलेली लापशी आहे, दुसऱ्या दिवशी चिकट होते, आणि आमच्या आषाढात तिसऱ्या दिवशी तिला बुरशी दिसते. तीच लापशी पातेल्यात सात मिनिटांत होते. त्यासाठी पाऊण तास ओव्हन जाळायचं, तेही मधेच वीज गेली तर अर्धं कच्चं बाहेर काढायचं, यातलं शहाणपण मला अजून कळलेलं नाही.

माझ्या लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आई नानकटाईचं सामान घेऊन बेकरीत जायची. घरचं तूप, रवा, मैदा, पिठीसाखर, सगळं आपलं. बेकरीवाला भट्टीचे आणि मजुरीचे पैसे घ्यायचा. तूप आणि पिठीसाखर हाताने फेसत बसायचं, इतकं की मिश्रण पांढरंशुभ्र आणि हलकं व्हावं. मग पीठ मिसळून गोळे वळायचे आणि काळ्या पत्र्यांवर मांडायचे. आपला पत्रा शेजारणीच्या पत्र्यात मिसळू नये म्हणून पहारा द्यायचं काम माझ्याकडे. गरम नानकटाई पत्र्याच्या डब्यात भरून घरी आली की डबा कपाटावर जायचा. पाहुणा आला, दुपारचा चहा झाला, परीक्षेत बरे गुण पडले, तर दोन. सकाळी डब्याला हात लावला तर आईचा आवाज यायचा, "आधी भाकरी खा." नानकटाईत तूप भरपूर आहे हे घरातल्या लहानातल्या लहान पोराला ठाऊक होतं, कारण ते फेसताना त्याचेच हात दुखलेले असायचे. तेव्हा डब्यावर चिठ्ठी नसायची, आणि तिची गरज कुणाला वाटत नव्हती.

बिस्किटाच्या गळ्यात आरोग्याचं पदक घालायची हौस मात्र जुनी आहे आणि आपली एकट्यांची नाही. अमेरिकेत सिल्व्हेस्टर ग्रॅहम नावाच्या धर्मोपदेशकाने १८२९ च्या सुमारास कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या साध्या, बेचव भाकऱ्या-पापड्यांचा प्रचार केला. जिभेचे चोचले बंद झाले की माणूस सुधारतो, अशी त्याची समजूत. त्याच्या नावाने आज जे ग्रॅहम क्रॅकर विकले जातात ते गोड असतात. ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकात डायजेस्टिव्ह बिस्कीट आलं. त्यातल्या खायच्या सोड्याने पचन सुधारतं, हा तेव्हाचा दावा. आपल्याकडे विलेपार्ल्याच्या पार्ले कारखान्यात १९३९ मध्ये बिस्किटं व्हायला लागली आणि त्यांच्या नावातच ग्लुकोज आलं. त्या काळात ग्लुकोज म्हणजे ताकद. मग जीवनसत्त्वं आली, मग तंतू, मग ओट्स. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं केलं आणि नाचणीचा नंबर लागला. ज्या काळात ज्या गोष्टीची भीती किंवा भक्ती, तिचं नाव बिस्किटाने लावलं. आतला मामला दर वेळी तोच, आणि ग्रॅहमच्या पापडीसारखा दर वेळी थोडा आणखी गोड होत गेलेला.

यावर मला सांगतात की कंपनीचं निराळं, घरचं निराळं. घरच्या कुकीत वनस्पती तूप नसतं, रंग नसतो, टिकवणारी रसायनं नसतात. खरं आहे. वनस्पती तुपातली घातक चरबी हे बेकरीच्या मालाचं मोठं दुखणं होतं. तेला-तुपातली कारखानी ट्रान्स चरबी दोन टक्क्यांवर आणायचा नियम आपल्याकडे १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्याआधी ज्यांनी घरी लोण्या-तुपात भाजलं त्यांनी शहाणपणाच केला. चहाबरोबर रोज पुडा फोडणाऱ्या घराने त्याऐवजी घरची नाचणीची कुकी घेतली तर ते एक पाऊल पुढेच आहे. पण तुलना बिस्किटाशी करायची आणि बक्षीस न्याहारीचं मागायचं, ही लबाडी झाली. वर्गात शेवटून दुसरा आलेला मुलगा शेवटच्यापेक्षा हुशार असतो, म्हणून त्याला शिष्यवृत्ती देत नाहीत.

शिवाय घरचं म्हटलं तरी डबी विकली की ते दुकान होतं. महिन्याभराने याच कुकीज विक्रीला आल्या. त्यात वावगं काही नाही. घरबसल्या चार पैसे मिळवणाऱ्या बाईला मी पहिलं गिऱ्हाईक होईन. फक्त विकताना दावा केला की नियम लागतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांत घन पदार्थाला 'कमी साखर' म्हणायचं तर १०० ग्रॅममागे ५ ग्रॅमच्या वर साखर नको, आणि 'कमी चरबी' म्हणायचं तर ३ ग्रॅमच्या वर चरबी नको. आपल्या कुकीत दोन्ही पंचविसाच्या घरात. बाजारातल्या मोठ्यांनाही हे कळायला वेळ लागलाच. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना कळवलं की पेयांना 'हेल्थ ड्रिंक' या सदरात घालू नका, कारण कायद्यात अशी व्याख्याच नाही. दुधात घालायच्या भुकटीला जे कळवलं ते कुकीने ऐकायला हरकत नव्हती.

आता पाचवं वाक्य. मधुमेहींनाही चालतात. हे वाक्य नसतं तर मी हा लेख कदाचित लिहिला नसता. माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे. त्या माझं ऐकत नाहीत, डॉक्टरांचं अर्धं ऐकतात, पण छापलेल्या अक्षरावर त्यांचा पूर्ण विश्वास. डबीतल्या उरलेल्या तीन कुकीज त्यांनी चिठ्ठी वाचून, चष्मा पुसून, पुन्हा वाचून, एका बैठकीत खाल्ल्या आणि वर चिठ्ठी मला दाखवली. संध्याकाळी बोटाला सुई टोचून आकडा पाहिला तेव्हा चिठ्ठी दाखवायला त्या पुढे आल्या नाहीत. रक्तातली साखर वाढवण्याच्या कामात गूळ साखरेपेक्षा फार निराळा वागत नाही. नाचणीचं बारीक दळलेलं पीठही आपलं काम करतंच. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही असल्याचा अंदाज दिला आहे. आमच्या इमारतीच्या एकेका मजल्यावर एखादं घर तरी असं असणारच. तिथे ही डबी प्रेमाने पोचते, आणि प्रेमाने आलेल्या डबीवर कुणी संशय घेत नाही.

मुलं खातात म्हणून, असंही कारण सांगतात. मुलं खाणारच, सकाळी सातला गोड हातात दिलं तर मीही खाईन.

राहिली लोकल.

मी राहते पनवेलजवळच्या नेऱ्यात. नेरे म्हटलं की बाहेरच्या जुन्या माणसांना कुष्ठरोग निवारण समितीचं शांतिवन आठवतं, आणि पावसाळी सहलीवाल्यांना गाढेश्वर. गाढी नदी माथेरानच्या डोंगरातून उतरते आणि आमच्या जवळून पनवेलकडे जाते. भाताची शेतं होती तिथे आता सुकापूरपासून इकडे इमारतींची रांग लागली. २०१३ मध्ये नवी मुंबई विमानतळाच्या आजूबाजूच्या गावांवर सिडकोचं नियोजन आलं आणि जमिनीचे भाव बदलले. मुंबईत परवडत नाही म्हणून माणसं इथे घर घेतात, आणि नोकरी मुंबईतच राहते. सकाळी साडेपाच-पावणेसहाला गेटवर रिक्षांची घरघर सुरू होते. रिक्षाने पनवेल स्टेशन, तिथून हार्बरची लोकल, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत सव्वा तासाच्या वर. कुकीवाल्या माझ्या शेजारणीचं असंच आहे. तिचा दिवस पाचला सुरू होतो. दोन डबे भरायचे, मुलाला उठवायचं, पाणी भरायचं. त्यात स्वतःची न्याहारी कुठे बसते? बसत नाही. म्हणून रविवारी एकदाच भाजून ठेवलेली, पर्समध्ये मावणारी, एका हाताने रिक्षात खाता येणारी कुकी. कुकीला न्याहारी म्हणण्यामागे आहारशास्त्र नाही, पावणेसहाची रिक्षा आहे.

हे मला कळतं, आणि म्हणून 'पूर्वीच्या बायका पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या' हे वाक्य मी उच्चारणार नाही. थापायच्या, आणि त्यांचे खांदे गेले. भाकरीच्या आठवणीने गहिवरणारे बहुतेक लोक भाकरी खाणारे असतात, थापणारे क्वचित. माझ्या शेजारणीने चूक केली ती वेळ वाचवण्यात नाही. वाचलेल्या वेळाच्या बदल्यात काय खातो आहोत यावर तिने भलतं नाव लिहिलं, एवढंच.

कारण वेळ वाचवणारं खाणं आपल्याकडे नव्हतं असं नाही. प्रवासाला निघणाऱ्या घरांनी दशम्या केल्या. पाण्याऐवजी दुधात कणीक भिजवली की पोळी दोन दिवस मऊ राहते. शिळी भाकरी तर जगातली सगळ्यात कमी कौतुक झालेली न्याहारी आहे. रात्रीची भाकरी सकाळी तव्यावर कोरडीच परतली की कुरकुरीत होते, वर लसणाची चटणी आणि दही, पाच मिनिटं. रात्री भाकरी करायला वेळ नसेल तर पनवेलात आणि नवी मुंबईत पोळी-भाजी केंद्रांची काय वाण आहे? तिथेही बायकाच राबतात आणि भाकरी नगावर मिळते. तिला रिबीन बांधत नाहीत, एवढाच काय तो फरक. आदल्या रात्री उकडलेली दोन अंडी. कागदात बांधलेले चणे-शेंगदाणे आणि एक केळं, ज्याला डबासुद्धा लागत नाही. आणि हे सगळं करायला घरात दुसरा माणूस असतो, ज्याला अंडं उकडता येतं आणि न आल्यास दहा मिनिटांत शिकवता येतं. कुकीच्या चिठ्ठीत हा माणूस कुठेच नाही, याचंही मला नवल वाटतं.

यातलं माझं आवडतं सातू. गहू आणि डाळं भाजून, थोडं जिरं नाही तर सुंठ-वेलची घालून दळलेलं पीठ. चूल नाही, ओव्हन नाही. दोन मोठे चमचे वाटीत घ्यायचे, दूध घालायचं, कालवायचं, खायचं. प्रवासात बाटलीतही चालतं. 'मग सातूत गूळ घालताच की' असा आक्षेप येणार, तो मी आधीच घेते. घालते, अर्धा चमचा. कधी ताक, मीठ आणि जिऱ्याची पूड घालून करते, तेव्हा गूळ नसतो. सातू दोन्ही वेळा सातूच राहतं.

मागच्या आठवड्यात चारच्या सुमारास शेजारीण आली, सुट्टी होती. मी चहा टाकला आणि तिच्याच कृतीच्या कुकीज पुढे ठेवल्या. तिने एक खाल्ली, दुसरी खाल्ली, तिसरी उचलली.

"काकू, माझ्यापेक्षा खुसखुशीत झाल्यात. काय केलंत?"

"वीस ग्रॅम तूप वाढवलं."

ती हसली. चिठ्ठीचा विषय तिनेच काढला. मधुमेहाचं वाक्य काढते म्हणाली, न्याहारीचं ठेवते. त्यावर आमचं अर्धा तास झालं आणि मिटलं नाही. जाताना सातूचा डबा मात्र घेऊन गेली. परवा तिची तक्रार आली की गुठळ्या होतात, आणि हलत्या रिक्षात त्या मोडता येत नाहीत. आधी चार चमचे थंड दुधात कालवून घ्यायचं, मग उरलेलं दूध ओतायचं आणि बाटली हलवायची, असं मी तिला कळवलं आहे.